झीज टिपून ठेवायला हवी

यवतमाळ जिल्ह्याचे फोटो देशाने पुष्कळ पाहिले आहेत. भेगाळलेले वावर, करपलेली पराटी, नवऱ्याची तसबीर मांडीवर धरून दाराशी बसलेली बाई. २००८ मध्ये जळका गावाचे नाव लोकसभेत घेतले गेले, २०१४ मध्ये दाभडीला चहावरची चर्चा झाली, आणि अशा प्रत्येक वेळी कॅमेरे येऊन गेले. त्या फोटोंची गरज होती. कापूसपट्ट्यातले दुःख त्यांच्यामुळे दिल्लीपर्यंत पोहोचले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अशा घरांत फोटोच्या चौकटीबाहेर आणखीही बरेच काही असते. भिंतीला टेकवून ठेवलेला डवरा, पोचे आलेला पितळी गुंड, दोरीने बांधलेला खाटेचा पाय, तारेने जखडलेली बंडी. माझे म्हणणे असे आहे की या कडेच्या वस्तूंचे फोटो आता मुद्दाम, एकेक करून काढायला हवेत. ते त्या घरातल्या, त्या गावातल्या माणसांनी स्वतःचा संग्रह म्हणून काढावेत. आणि वस्तू जशी झिजली आहे तशीच, जिथे आहे तिथेच तिचा फोटो निघावा. छंद म्हणून ही गोष्ट आनंदाची आहेच. पण ज्या जिल्ह्याच्या कष्टाची लेखी नोंद फार थोडी झाली, तिथे ती गरजेचीही आहे.

वस्तू जुनी होणे आणि वस्तू वापरली जाणे यांत फरक असतो, आणि तो डोळ्यांना दिसतो. या भागातल्या सागवानाचेच घ्या. उघड्यावर पडलेले लाकूड उन्हाळ्यात करडे होत जाते, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचे तंतू धरून ठेवणारा लिग्निन हा घटक आधी विघटित होतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो आणि वर राखाडी तंतू उरतात. वाढीच्या वलयांतला मऊ भाग लवकर झडतो, टणक भाग उभा राहतो, म्हणून पृष्ठभाग खरबरीत आणि रेघारेघांचा दिसतो. हाताची झीज याच्या अगदी उलट असते. जिथे तळवा रोज टेकतो तिथे लाकूड गुळगुळीत होते आणि घामातेलाने काळपट चकाकू लागते. एकाच रुमण्यावर या दोन्ही खुणा शेजारी शेजारी असतात. ती चकाकी जमिनीपासून किती उंचीवर आहे, डाव्या बाजूला जास्त आहे की उजव्या, यावरून ते धरणाऱ्या माणसाच्या उंचीचा आणि सवयीचा अंदाज बांधता येतो. वखराची पास प्रत्येक हंगामात लोहाराकडे जाते, तापते, ठोकली जाते आणि दर खेपेला थोडी कमी होते. नव्या पासेच्या शेजारी ती ठेवली की कमी झालेले लोखंड मोजता येते. पाट्याच्या मधोमध पडलेला खळगा, जात्याच्या खुंट्यावरची झळाळी, टाकी लावून लावून पातळ झालेली वरची तळी, या सगळ्यांना काळ्या बेसाल्टच्या टणकपणाशी ताडून पाहावे लागते. इतका कठीण दगड झिजायला किती वर्षे दळण दळले गेले असेल, हा हिशेब कुठल्याही कागदावर नाही. तो दगडावर आहे.

झिजेपेक्षाही बोलकी असते डागडुजी. पितळी गडव्याला लावलेला डाग, सुपाच्या कडेला शिवलेली चिंधी, फाटलेल्या बारदान्याला लावलेले युरियाच्या पोत्याचे ठिगळ, चाकाच्या आऱ्याला मारलेली लोखंडी पट्टी. वस्तू टाकून न देता ती आणखी एक हंगाम चालवायची हा निर्णय घरात कोणीतरी घेतलेला असतो आणि त्या निर्णयामागे त्या वर्षीचा कापसाचा भाव, कर्जाचा हप्ता, जवळ सुतार उरला आहे की नाही, अशा किती तरी गोष्टी असतात. आर्थिक पाहणी अहवालांत घराकडे किती बैल, किती पंप, किती सायकली हे मोजले जाते. तो पंप तिसऱ्यांदा दुरुस्त केलेला आहे हे त्यात येत नाही. २०१७ च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर चौकशा झाल्या. कोणते औषध, कशात काय मिसळले, तोंडाला कापड होते की नव्हते, पराटी किती उंच वाढली होती, यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या वर्षाआधी गावोगावच्या गोठ्यांत टांगलेल्या फवारणी पंपांचे साधे, स्वच्छ फोटो कोणी काढून ठेवले असते, झाकण नीट बसते का, नळीचा सांधा चिंधीने बांधलेला आहे का, पाठीवरचे पट्टे कशाचे आहेत हे त्यांत दिसले असते, तर औषध अंगावर कसे झिरपते याचा पुरावा आपल्या हातात आधीपासून असता. झिजलेल्या वस्तूचा फोटो म्हणजे गतकाळाचे हळवे स्मरण, असे समजणाऱ्यांनी हा पंप डोळ्यांसमोर आणावा. त्यात हळवे काही नाही.

हे आत्ताच का करायचे, याचे उत्तर गेल्या दोन-तीन दशकांतल्या शेतीत आहे. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. पाकिटातले महागडे बियाणे कोणी चाड्यातून सोडत नाही; ते मोजून, हाताने टोबतात. संकरित वाणांपासून सुरू झालेली टोबणीची ही रीत बीटीने सगळीकडे नेली, आणि कापसापुरती तरी तिफण आणि सरते गोठ्याच्या आढ्याला गेले. सोयाबीन वाढले तसा ट्रॅक्टरमागचा पेरा वाढला. बैल कमी झाले की एकटे बैल कमी होत नाहीत. जू, शिवळा, वेसण, मोरखी, कासरा, झूल, गव्हाण, बंडी आणि बंडीला धाव चढवणारा लोहार, अशी सगळी साखळीच सैल होते. लोखंडी धाव आगीत लाल करून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतून आवळायची, ही कृती ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे अशी पिढी आज म्हातारी आहे. स्वयंपाकघरातही तेच. मिक्सर आणि पिठाची गिरणी आल्यावर पाटा आणि जाते अंगणात गेले, अंगणात फरशी बसली तेव्हा तिथूनही गेले. पितळ मोडीत देऊन स्टील आणले गेले, आणि त्यात कुणाचीच चूक नाही. स्टीलला कल्हई लागत नाही, ते हलके असते, घासायला सोपे असते. पण त्या मोडीबरोबर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावेही वितळली. लग्नात आलेल्या भांड्यावर कोणी दिले, कोणाला दिले आणि कधी दिले हे ठोकून घेण्याची रीत होती. अनेक घरांत आजीचे किंवा पणजीचे नाव अक्षरांत उमटलेली ती एकमेव जागा असते, कारण सातबाऱ्यावर तिचे नाव कधी चढलेलेच नसते.

मोठ्या वस्तूंच्या वाट्याला नोंद येते. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे पाहा. या भागातला कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही अरुंद रुळांची वाट टाकली. तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले, १९२३ पासून ते १९९४ पर्यंत धावले, मग डिझेल इंजिन आले, आणि पुढे गाडीच थांबली. हे सगळे आपल्याला वर्षांसकट ठाऊक आहे, कारण इंजिनाचा कारखाना असतो, दप्तर असते, करारपत्र असते. ज्या बंडीतून कापूस दारव्ह्याच्या किंवा यवतमाळच्या जिनिंगपर्यंत आला त्या बंडीवर पाटी नसते. ती कुठल्या सुताराने, कुठल्या साली केली, चाकाला बाभूळ वापरली की आणखी काही, आस धावड्याचा होता की लोखंडी, हे तिच्या अंगावरूनच वाचायचे असते. शकुंतलेचे शेकडो फोटो निघाले आणि निघायलाच हवे होते. तिच्यापर्यंत कापूस आणणाऱ्या चाकाचा एखादा नीट, समोरून घेतलेला, धावेची जाडी दिसेल असा फोटो मात्र शोधावा लागतो.

कायदाही या वस्तूंच्या मदतीला येत नाही. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तर ती पुरावशेष ठरते; हस्तलिखितांसाठी ही अट पंचाहत्तर वर्षांची आहे. पन्नास वर्षांचा डवरा त्यात बसत नाही, आणि शंभर वर्षे तो टिकणारही नाही, कारण तो वापरायची वस्तू आहे. संग्रहालयांची अडचण वेगळी आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, पुण्यात एकट्याच्या जिद्दीवर जे उभे केले ते महाराष्ट्राचे भाग्य आहे. दिवे, अडकित्ते, दौती, दारे, वाद्ये अशा वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमवल्या आणि त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. रोजच्या वापरातली वस्तू जपण्यासारखी असते ही दृष्टीच त्यांनी मराठी माणसाला दिली. पण गोळा करणारा माणूस साहजिकच घडणीची, नक्षीची, अखंड वस्तू निवडतो. मोरांच्या जोडीचा अडकित्ता येतो; एका पात्याला भेग गेलेला, रोज सुपारी कातरून धार गेलेला साधा अडकित्ता मागे राहतो. शिवाय वस्तूंना जागा लागते, आणि जमवलेल्यातला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वस्तू उचलून नेली की तिचे ठिकाण सुटते. उंबऱ्याला पडलेला खळगा हा त्या घरात शिरणाऱ्या पावलांचा असतो. उंबरा काढून काचेआड ठेवला तर लाकूड उरेल, पण पावले कुठून येत होती आणि कुठे वळत होती हे कळणार नाही.

म्हणून फोटो ही वस्तूची कमअस्सल प्रत आहे, असे मी मानत नाही. आक्षेप रास्त आहे: फोटोला वजन नसते, वास नसतो, जात्याची घरघर त्यात येत नाही, पासेच्या धारेवर बोट फिरवता येत नाही. खरे आहे. पण वस्तू आणि फोटो असा पर्याय यवतमाळच्या गावात प्रत्यक्षात फार थोड्यांसमोर असतो. तिथे खरा पर्याय फोटो आणि भंगार हा आहे. भंगारवाल्याच्या तराजूत नांगराचा फाळ गेला की त्याचे किलो होतात. त्याआधी दोन मिनिटे घेतलेले चार फोटो हा त्या फाळाच्या बाजूने करता येण्याजोगा एकमेव व्यवहार असतो. त्यासाठी घरच्यांनी विकणे थांबवण्याची गरज नाही. मोडीचे पैसे त्यांच्या हक्काचे आहेत आणि बाहेरच्या कोणी त्यांना परंपरा जपण्याचा उपदेश करू नये. जो संग्रह गरिबाला वस्तू विकू देत नाही तो त्याच्या जिवावर उभा असतो. फोटोंच्या संग्रहाला हे पाप लागत नाही.

पण मग फोटो कसा असावा याला महत्त्व येते, आणि इथे आपल्याच मातीत एक फार जुना नमुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी वऱ्हाडात ऋद्धिपुरी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले होते त्यांना विचारून विचारून त्यांनी आठवणी गोळा केल्या. कुठल्या गावी, कुठल्या प्रसंगी, कोण जवळ होते, हे सगळे टिपले. महानुभाव पंथाच्या स्थानपोथीने तर चक्रधरस्वामींच्या जागाच नोंदवल्या. मोठ्या तत्त्वज्ञानाबरोबर जेवण, वस्त्र, भांडे, ओटा हेही लिहून ठेवण्याच्या लायकीचे आहे, ही समज त्या काळी या प्रदेशात होती. यवतमाळात विसाव्या शतकात यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या माध्यमातून जुन्या पोथ्या आणि इतिहासाची साधने जमवली, महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास पुढे नेला. म्हणजे जुने जपण्याची परंपरा जिल्ह्याला नवी नाही. पोथीपर्यंत आलेला तो हात अवजारापर्यंत पोहोचला नाही, इतकेच. वस्तूच्या फोटोसोबत म्हाइंभटांची शिस्त पाळली तर पुरे: हे काय आहे, गावात याला काय म्हणतात, कोणाच्या घरी, कोणी वापरले, ही भेग कशाने पडली, आणि हे सांगितले कोणी. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहाव्यात.

फोटो घेण्याच्या रीतीसाठी दूरचे एक उदाहरण उपयोगी पडेल. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने १९५९ पासून कोळसा-पोलाद पट्ट्यातल्या पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे आणि भट्ट्या यांचे फोटो काढले. आभाळ भरलेले असतानाच, सावली पडू न देता, नेहमी ठरावीक अंतरावरून आणि वस्तू मधोमध ठेवून. एकेक फोटो पाहिला तर त्यात विशेष काही नाही. पण एकाच जातीच्या नऊ किंवा पंधरा टाक्या शेजारी शेजारी लावल्या की प्रत्येकीचे वेगळेपण उठून दिसते. वणीच्या कोळसापट्ट्यातल्या कुणालाही हे काम पाहून आपल्या भोवतालाकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटेल. आपल्या जवळचे उदाहरण बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांचे. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या खेड्यांत हिंडून त्यांनी घरांच्या भिंती आणि अंगणांवरची चित्रे कॅमेऱ्यात घेतली. भिंत दर सणाला सारवली जाते, चित्र पुसले जाते, फोटो राहतो. या दोन्ही कामांत फोटोग्राफर स्वतःची कलाकारी मागे ठेवतो. झिजलेल्या वस्तूचा फोटो बिघडवायचा असेल तर तिला पुसून, तेल लावून, फुलांच्या शेजारी मांडून घ्यावा, मग फोनमधल्या फिल्टरने तो पिवळसर करावा. पुसताना नेमके तेच जाते ज्यासाठी फोटो घ्यायचा होता. सावली मात्र इथे हवी, कारण झीज तिच्यामुळेच दिसते: सकाळी किंवा उतरत्या दुपारी, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी किंवा एखादे नाणे ठेवून, एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक तिच्या जागेसकट आणि एकदोन झिजेच्या जवळून घेतले की काम झाले. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. आजच्या साध्या फोनमध्ये हे सगळे येते.

सर्वांत टोकदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी गंभीरपणे घेतो. दारिद्र्याला सुंदर करून दाखवण्याचा हा प्रकार नाही का? शहरातला माणूस गंजलेल्या डब्यात, सोललेल्या रंगात सौंदर्य पाहतो. ज्याच्या घरी दुसरा डबा नाही त्याला त्यात सौंदर्य दिसण्याचे कारण नाही. गंज आणि भेगा यांची फ्रेम करून भिंतीवर लावणारे आणि तो डबा कोणाचा होता हे न विचारणारे फोटो आहेत, आणि ते मला अप्रामाणिक वाटतात. पण याचे उत्तर फोटो न काढणे हे नव्हे. कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर बरेच ठरते. पुसदच्या तांड्यावरची मुलगी आजीच्या कांचळीवरच्या झडलेल्या आरशांचा फोटो घेते, तेव्हा कुठला आरसा कशाने पडला हे ती विचारू शकते आणि आजी सांगू शकते. झरी-जामणीतला कोलाम तरुण घरच्या बांबूच्या टोपलीचा फोटो घेताना वीण कुठे दुरुस्त झाली हे स्वतः जाणतो. बाहेरून आलेल्याला त्या टोपलीत पोत दिसतो, त्याला कोणाचा हात कुठे संपला आणि कोणाचा सुरू झाला तेही दिसते. म्हणून हा संग्रह आधी घरचा असावा, दाखवायचा की नाही हे घराने ठरवावे, असा माझा आग्रह आहे. आणि सौंदर्याबद्दल बोलायचे तर, कुशल हाताने केलेल्या आणि चार दशके चाललेल्या वस्तूत ते असतेच. ते मान्य करण्याने गरिबीचे समर्थन होत नाही. उलट, या जिल्ह्याची ओळख केवळ आत्महत्यांच्या आकड्यांनी करून दिली जाते तेव्हा इथल्या माणसांचे कसब मोजलेच जात नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

याच्याच पोटातला आणखी एक प्रश्न जातीचा आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुतेदारीची जी रचना आली आहे, तिच्यातले प्रत्येक हत्यार कोणत्या तरी जातीच्या हातात ठरवून दिलेले होते. कातडे कापायची रापी, मेलेले जनावर ओढायची दोरी, वेठीला धरलेल्या माणसाची काठी, या वस्तूंशी अनेकांचा अपमान जोडलेला आहे. ज्यांनी बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन ही कामे जाणीवपूर्वक टाकली, त्यांच्या वंशजांना आज कोणी येऊन त्या वस्तूंची आठवण जपायला सांगणे हा उद्धटपणा होईल. त्या घराने नाही म्हटले की विषय संपला. पण काही घरांना ती वस्तू पुरावा म्हणून हवी असू शकते, आणि तो हक्कही त्यांचाच. हॉटेलाच्या मागच्या बाजूला वेगळा ठेवलेला, टवका उडालेला कप ज्यांच्यासाठी होता त्यांनी त्याचा फोटो ठेवला, तर उद्या ‘आमच्या गावात असे काही नव्हते’ म्हणणाऱ्याला दाखवायला काहीतरी हातात असेल. गोड आठवणींचाच संग्रह करायचा ठरवले तर तो खोटा होईल.

वैयक्तिक संग्रहाला शिस्त नसते, एकाला कुलपांचे वेड तर दुसऱ्याला कंदिलांचे, मग त्यातून जिल्ह्याचे चित्र कसे उभे राहणार, असेही विचारले जाईल. मला तर या वेडातच भरवसा वाटतो. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या मदतीने केले, आणि एक लाखाहून अधिक ओव्या हाती आल्या. ते कुठल्या सरकारी योजनेतून सुचले नव्हते. ओवीवर जीव असलेल्या माणसांनी ते सुरू केले आणि पुरे होईपर्यंत सोडले नाही. सरकारी सर्वेक्षण नमुना घेते, थांबते, अहवाल देते. वेड असलेला माणूस ऐंशी कुलपे पाहिल्यावर एक्क्याऐंशीव्याचा खटका वेगळा आहे हे ओळखतो. यवतमाळात कोणी फक्त तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घ्यावेत. तीन पिढ्यांनी ओढलेल्या बैलाची चाके, मोडलेले शिंग, वर्षावर्षाला चढलेले रंगाचे थर, एवढ्यावर एक आयुष्य जाईल. कोणी फक्त उंबरे घ्यावेत, कोणी फक्त विहिरीच्या काठावरचे दोराचे घळ. दारव्ह्याचा एक, उमरखेडचा एक, घाटंजीचा एक, असे संग्रह शेजारी आले की तुलना आपोआप सुरू होईल. पैनगंगेकाठच्या तिफणीत आणि वर्धेकाठच्या तिफणीत काय फरक आहे, हे कुणीतरी एकदा फोटो समोरासमोर ठेवून सांगायला हवे.

फोनमधले फोटो टिकत नाहीत हा आक्षेप मात्र मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. फोन हरवतो, भरतो, पाण्यात पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आकुंचित होतो, बारीक तपशील आणि तारीख-ठिकाणाची आतली माहिती त्यातून गळते, आणि झिजेच्या फोटोत बारीक तपशीलच महत्त्वाचा. म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायला हवी, फाइलीच्या नावात गाव, वस्तू आणि वर्ष असायला हवे, आणि वर्षातून एकदा निवडक फोटो कागदावर छापून मागे पेन्सिलीने माहिती लिहायला हवी. घराच्या पलीकडे ही जबाबदारी गावच्या वाचनालयाने घ्यावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापासून लहान खेड्यापर्यंत अनुदानित वाचनालयांचे जाळे आहे. त्यातल्या प्रत्येकाने एक हार्ड डिस्क आणि एक जाड वही एवढेच ठेवले, ज्यांना द्यायचे आहे त्यांच्याकडून फोटो घेतले, आणि ज्यांना नाव छापायचे नाही त्यांचे नाव राखून ठेवले, तर पुस्तकांच्या एका कपाटापेक्षा खर्च जास्त होणार नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प लिहितात. त्यांना एकेका गावातल्या अवजारांची सचित्र नोंद करायला दिली, तर तो प्रकल्प उतरवून काढता येणार नाही.

हंगाम पाहून काम सुरू करावे. अक्षय तृतीयेनंतर वखर-डवरे बाहेर निघतात, लोहार-सुताराकडे जातात, तेव्हा अवजार उघडे, सुटे आणि दुरुस्तीच्या मधल्या अवस्थेत दिसते. पोळ्याच्या आधी झुली आणि गोंडे पेटीतून येतात. दिवाळीआधीच्या साफसफाईत भंगाराचा ढीग दाराशी लागतो. आणि घरे निवडताना जिथे सत्तरीपुढचे कोणी आहे ते घर आधी घ्यावे. तिफण आणखी काही वर्षे आढ्यावर राहू शकेल, पण तिच्या प्रत्येक भागाचे वऱ्हाडी नाव, तो कुठल्या लाकडाचा करायचा, तो मोडला की काय करायचे, हे सांगणारे माणूस तोवर असेल असे नाही. त्यांना वस्तूशेजारी बसवावे, फोनवर त्यांचा आवाज मुद्रित करावा आणि त्यांनी बोट ठेवले त्या जागेचा फोटो आधी घ्यावा.